नॉर्ब वांटाच्या तळघरातले मागचे दोन स्पीकर

नॉर्ब वांटाच्या तळघरात समोरून आवाज येतो, याबद्दल स्टीव्हन्स पॉइंट गावात कुणाचंच दुमत नव्हतं. त्या आवाजाने वरच्या स्वयंपाकघरातल्या बश्या जागच्या सरकत. वाद होता तो मागच्या आवाजाचा, आणि तो वाद सुरू व्हायला नॉर्बची बायको आर्लिस हिला तोंड उघडावं लागलं. बाकी कुणी काही बोललं नसतं. त्या विस्कॉन्सिन राज्यातली माणसं पाहुणी म्हणून गेली की पानात पडेल ते गोड मानून खातात आणि कानावर पडेल त्याला ‘वा’ म्हणतात.

नॉर्बने कागदाच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली होती. तिथल्या यंत्रांचा धडधडाट असा, की आठ तास कानांवर जाड टोप्या चढवून उभं राहायचं आणि दिवसभरात काय ऐकायचं हे यंत्रांनी ठरवायचं. निवृत्त झाल्यावर त्याच्या वयाची मंडळी गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरत बसली. नॉर्ब तळघरात उतरला. त्याने पाच स्पीकर समोर आणि बाजूला लावले, दोन कोचाच्या मागे खांबांवर उभे केले, एक धमधम करणारा डबा कोपऱ्यात ठेवला, आणि या सगळ्यांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर मधोमध मांडला. रिसीव्हरवर त्याने चिकटपट्टीने कागद डकवला: ‘हात लावू नये.’ आता काय ऐकायचं ते तो ठरवणार होता. आयुष्यात त्याने फारसं काही मागितलं नव्हतं; ही एक खोली मात्र त्याला जिवापाड हवी होती.

आता एवढं करून हा माणूस सिनेमे बघत असेल असं कुणालाही वाटेल. छे. तो तुकडे बघायचा. हेलिकॉप्टर उडतं तो तुकडा, काच फुटते तो तुकडा, आणि सगळ्यांत लाडका म्हणजे तळ्यावरच्या पावसाचा. एक माणूस होडीतून एकटा चाललेला आहे आणि पाऊस येतो. तो माणूस कोण, कुठे निघालाय, पोचतो की बुडतो, नॉर्बला पत्ता नव्हता. त्याने तो पाऊस तीनेकशे वेळा ऐकला होता.

ऐकला होता असं आपलं म्हणायचं. खरं तर नॉर्ब आधी रिसीव्हरच्या काचेकडे बघायचा. आवाज सात वाटांनी येत असला की काचेवर त्या प्रकाराचं नाव निळ्या अक्षरांत उमटे. ती अक्षरं दिसली की तो कोचात मागे रेलायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “अहाहा, मानेवर थेंब पडल्यासारखं वाटतं.”

मंगळवारी टीव्हीला सिनेमे आणून देणारी जुनी डबी बंद पडली. नॉर्बने नवी आणून जोडली, अंगणातला बर्फ काढून आला, पाऊस लावला, काचेकडे पाहिलं. काचेवर लिहिलं होतं: स्टिरिओ.

म्हणजे फक्त दोन वाटा. डावी आणि उजवी, बस. आणि बुधवारी सकाळी न्याहारीच्या वेळी आर्लिसने त्यात भर घातली.

“शनिवारी दोन ते चारच्या मध्ये मशीन येतंय.”

“कुठलं मशीन?”

“गोधड्या शिवायचं. बारा फुटी. तुला थँक्सगिव्हिंगला सांगितलं, ख्रिसमसलाही सांगितलं. दोन्ही वेळा तू ‘हूं’ म्हणालास.”

“ठेवणार कुठे?”

“तळघरात, तुझ्या कोचामागे. सलग बारा फूट दुसरीकडे आहेत कुठे या घरात? ते दोन खांब उभे आहेत ना, ते काढायचे.”

“ते खांब नाहीत. मागचे स्पीकर आहेत.”

“काय येतं त्यांतून?”

“मागचा आवाज.”

“मी तर कधी ऐकला नाही,” आर्लिस म्हणाली आणि टोस्टला लोणी लावू लागली.

आर्लिसने शाळेच्या स्वयंपाकघरात उमेदीची वर्षं घालवली होती. साडेचारशे पोरांना जेवायला घालणारी बाई भांडत नाही, निकाल देते. तिने निकाल दिला. “हे बघ, मी अन्याय करणारी नाही. शनिवारी मला खाली बसव आणि मागून आवाज ऐकव. आला, तर मशीन गॅरेजमध्ये जाईल. नाही आला, तर खांब गॅरेजमध्ये.”

“गॅरेजमध्ये? फेब्रुवारीत? तिथे रंगाचे डबे गोठलेत.”

“दोन मोजे घालीन. हीटर लावीन. तुला काय त्याचं? तू तुझा आवाज ऐकव म्हणजे झालं.”

नॉर्बने ताबडतोब रसल टेस्कीला फोन लावला. रसल शेजारच्या प्लोव्हर गावचा, विम्याच्या कचेरीतला, आणि याच नादातला. दोघांची ओळख नादिष्टांच्या एका इंटरनेटवरच्या अड्ड्यावर झाली होती. तिथे रसल दोन ओळींचा निरोप लिही आणि खाली आपल्या घरातल्या सगळ्या यंत्रांची अठरा ओळींची वंशावळ जोडी.

“काचेवर काय दिसतंय?” रसलने विचारलं.

“स्टिरिओ.”

रसल हळू आवाजात म्हणाला, “आर्लिसला सांगितलंस?”

“नाही रे. धीर होत नाही.”

“नको सांगू. आपण आहोत ना. हे बघ, ती डबी पाकीट फोडतेय.”

“कसलं पाकीट?”

“अरे, सिनेमाबरोबर आवाजाचं एक बंद पाकीट येतं. डबीने ते न फोडता जसंच्या तसं पुढे द्यायचं. फोडायचं काम रिसीव्हरचं. यालाच पासथ्रू म्हणतात. पोस्टमनने पत्र आणून द्यावं. वाचून दाखवू नये. तुझी डबी वाचून दाखवतेय, आणि तेही अर्धंच.”

“मग काय करू?”

“केबल बदल. नव्वद टक्के वेळा केबलच असते.”

नॉर्बने केबल बदलली. स्टिरिओ. मग रसल म्हणाला, टीव्हीच्या पाठीमागे चार भोकं असतात, त्यांतलं एकच आवाज परत पाठवतं, ते बघ. टीव्ही भिंतीला इतका चिकटून होता की नॉर्बला कुशीवर पडून मागे शिरावं लागलं. शिरला तर खरा, बाहेर येता येईना. आर्लिस कपडे धुवायला खाली आली तेव्हा तिला टीव्हीच्या खालून दोन पाय दिसले.

“जेवायला वर येतोस की इथेच देऊ?”

“इथेच दे,” आतून आवाज आला.

तिने सँडविच आत सरकवलं. हातासाठी रुमालही दिला.

भोक बरोबरच होतं. गुरुवारी टीव्हीची सेटिंगं झाली. आवाज बाहेर कसा पाठवायचा हे विचारणाऱ्या पाटीवर नॉर्बने ‘पासथ्रू’ निवडलं. डबीच्या पाटीवर ‘आपोआप’ होतं, ते काढून हाताने सगळे प्रकार निवडले. तर आवाजच गेला. होडीतला माणूस मुक्याने भिजू लागला. परत ‘आपोआप’ केलं. स्टिरिओ. सिनेमाच्या भाषेच्या यादीत इंग्रजी दोनदा लिहिलं होतं, त्यातलं दुसरं निवडलं. त्याने काहीच बदललं नाही, फक्त एक बाई होडीतला माणूस काय करतोय ते अंधांसाठी सांगू लागली. “तो वर आकाशाकडे पाहतो,” बाई म्हणाली. नॉर्बनेही वर पाहिलं.

शुक्रवारी गावाच्या रिवाजाप्रमाणे दोघं तळलेला मासा खायला सपर क्लबात गेली. नॉर्बने ब्रँडीच्या पेल्यातली चेरी एका काडीने या कडेपासून त्या कडेपर्यंत ढकलली. मासा गार झाला. आर्लिसला त्याची दया आली, पण मशीनही तिला हवंच होतं. गेल्या बारा वर्षांत तिने जेवणाच्या टेबलावर वाकून चर्चसाठी सत्तर गोधड्या शिवल्या होत्या आणि आता तिची कंबर साथ देत नव्हती. ती फक्त एवढंच म्हणाली, “बटाटा तरी खा.”

शनिवारी सकाळी रसल स्वतः आला. त्याने येताना स्वतःची केबल आणली होती, मखमली पिशवीतून. “ही मी कुणाला देत नाही,” तो म्हणाला, “पण वेळच तशी आहे.” ती केबल लावली. स्टिरिओ. मग दोघं डबीची एकेक पाटी उघडत बसले. रसल वाचायचा, नॉर्ब चष्मा वर करून हूं म्हणायचा. साडेबारा वाजले. आणि एका पाटीच्या तळाशी, कुणी ढुंकून बघणार नाही अशा जागी, रसलला एक ओळ दिसली.

“‘मोठे आवाज कमी करा’,” त्याने वाचलं. “चालू आहे.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ही खोड चालू असली की डबीला आवाज आधी उघडून, चेपून, मग पुढे द्यावा लागतो. बंद पाकीट चेपता येत नाही, म्हणून ती ते फोडते. चार दिवस गावाला वळसा घातला आणि कळसा काखेत सापडला.

“पण हे चालू केलं कुणी?” रसल म्हणाला.

“मी केलं,” जिन्यावरून आर्लिस म्हणाली. तिच्या हातात कपड्यांची टोपली होती. “मंगळवारी तू बर्फ काढायला गेला होतास तेव्हा मी केकची स्पर्धा बघत होते. केक पडला की असा काही ढोल वाजवतात की माझ्या छातीत धस्स होतं. ते चालू केल्यापासून बरं झालं. केक पडला की केकच पडतो, घर पडत नाही.”

“आर्लिस, कागद लावलाय ना, हात लावू नये म्हणून?”

“तो रिसीव्हरवर आहे. मी डबीला हात लावला.”

रसलने ती ओळ बंद केली. काच क्षणभर काळी झाली आणि मग निळी अक्षरं उमटली, साती वाटांची, नावासकट. नॉर्बचे डोळे भरून आले. रसलने त्याच्या पाठीवर एकदाच थाप मारली. त्यांच्याकडे एवढं प्रेम वर्षभराला पुरतं.

दोन वाजता आर्लिस कोचाच्या मधोमध बसली. डावीकडे नॉर्ब, उजवीकडे रसल. कोचाच्या पाठीमागे ते दोन खांब आणि त्यांच्या मागे वर जाणारा जिना. तिने मांडीवर हात ठेवले, डोळे मिटले आणि म्हणाली, “लाव.”

होडी निघाली. वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज झाला. पाऊस आला.

“अहाहा,” रसल म्हणाला.

“मानेवर,” नॉर्ब म्हणाला.

“पाठीवर ओघळतोय नुसता,” रसल म्हणाला.

आर्लिसने डोळे मिटलेलेच ठेवले. “पाऊस आहे,” ती म्हणाली. “चांगला आहे. पण समोर आहे. त्याच्यावर पडतोय, माझ्यावर नाही.”

“नीट ऐक. घाई करू नकोस.”

“नीटच ऐकतेय.”

नॉर्बने काचेकडे पाहिलं. निळी अक्षरं जागच्या जागी होती. त्याने आवाज वाढवला. पाऊस धो धो कोसळू लागला. वर बश्या सरकल्या. आर्लिसने नकारार्थी मान हलवायला सुरुवात केली आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

ठक, ठक, ठक.

आर्लिसने डोळे उघडले. “हं. हा आला. मागून आला, थोडा वरून.”

“बघ,” रसल म्हणाला, “उंचीसुद्धा कळते.”

ठक, ठक, ठक. या वेळी जरा जोरात.

“अगदी खराच वाटतो रे, नॉर्ब,” आर्लिस म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता, आणि त्यात लबाडीचा लवलेश नव्हता. “मला वाटायचं, तू आणि रसल उगाच माना हलवता. मी चुकले. बोलले तसं करीन, मशीन गॅरेजमध्ये.”

नॉर्ब पडद्याकडे बघत होता. तळ्याच्या मधोमध होडी होती. होडीत माणूस एकटा होता. मैलभर आसपास दार नव्हतं, खिडकी नव्हती, काही नव्हतं. त्या माणसाकडे ठकठक करायला येणार कोण?

ठक, ठक, ठक. आणि आता त्याच्या मागोमाग कुणीतरी खाकरलंसुद्धा.

नॉर्बने जन्मभर कानांवर टोप्या घातल्या असतील, पण तो ठार बहिरा नव्हता. जिन्याच्या वर घराच्या बाजूचं दार होतं. त्या गावात पुढच्या दाराने फक्त धर्माची पत्रकं वाटणारे लोक येतात. बाकी सगळे बाजूच्या दाराने. मशीन आलं होतं.

आणि मग त्याला त्याहून वाईट गोष्ट कळली. मागून येणारा आवाज कसा असतो, ते आता त्याला कळलं होतं. तो असा मानगुटीला धरून वळवतो. हा असा आवाज त्या खोलीत त्याने कधीच ऐकला नव्हता. त्याने हळूच मान वळवून कोचाच्या पाठीमागे खाली बघितलं. दोन्ही खांबांच्या तळाशी दोन तारा होत्या, नीट वेटोळं करून, पावाच्या पिशवीच्या तारेने बांधलेल्या. त्याच्याच हातची गाठ. दोन वर्षांपूर्वी बर्फ वितळून तळघरात पाणी आलं तेव्हा त्यानेच तारा सोडून स्पीकर फळीवर चढवले होते. पाणी ओसरल्यावर स्पीकर पुसले, जागेवर ठेवले, आणि काचेवर निळी अक्षरं बघून तो सुखाने मागे रेलला.

दोन वर्षं. या काळात किती पाहुणे येऊन गेले आणि किती जणांच्या मानेवर थेंब पडले, याची नॉर्बला लाज वाटू लागली. सगळ्यांत जास्त थेंब त्याच्याच मानेवर पडले होते.

आता गप्प बसणं एवढंच त्याला करायचं होतं. एक मिनिट. ट्रक निघून गेला असता, खोली त्याची राहिली असती, आणि तारा त्याने रात्री गुपचूप जोडल्या असत्या. त्याने तसं करायचं ठरवलंही. मग त्याने आर्लिसकडे पाहिलं. ती मागे वळून त्या मुक्या खांबाकडे कौतुकाने बघत होती. हरली होती आणि त्याच्यासाठी तिला आनंद झाला होता. गॅरेजमध्ये दोन मोजे घालून शिवायला बसणार होती ती.

“आर्लिस,” तो म्हणाला, “दाराशी माणसं आलीत.”

“हो ना, किती स्पष्ट.”

“सिनेमात नाही. आपल्या दाराशी.”

“मग मागचा आवाज?”

“तो यायचाय अजून,” नॉर्ब म्हणाला आणि जिना चढू लागला.

वर पोचला तोवर ट्रक उलटा सरकत रस्त्याला लागला होता. नॉर्ब मोज्यांवरच बर्फातून धावला. दोन्ही हात वर करून, पोट सांभाळत, मुख्य रस्त्याच्या वळणापर्यंत. समोरच्या घरातल्या बाईने पडदा बाजूला केला आणि शिष्टाचार म्हणून परत लावला.

ट्रक थांबला. दाढीवाल्या माणसाने काच खाली घेतली. “साहेब, आम्ही चारदा ठोकलं. आतून पाणी कोसळल्याचा आवाज येत होता. म्हटलं पाइप फुटला असणार, उगाच अशा वेळी त्रास कशाला द्या.”

“फुटला नाही,” नॉर्ब धापा टाकत म्हणाला. “सगळं ठीक आहे.”

“मग मशीन कुठे ठेवायचं?”

नॉर्बच्या मोज्यांतून पाणी आत शिरत होतं. “तळघरात,” तो म्हणाला. “कोचाच्या मागे.”

पेट्या घेऊन सगळे खाली उतरले तेव्हा आर्लिस कोचामागे उकिडवी बसली होती. तिच्या हातात ती वेटोळी होती. रसल भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

“केव्हापासून?” तिने विचारलं.

“पाणी आलं होतं तेव्हापासून.”

“आणि रसल, तुझ्या पाठीवर काय ओघळत होतं मग?”

रसलचे कान लाल झाले. “मला वाटलं, माझ्याच कानात मळ आहे. डॉक्टरकडेसुद्धा जाऊन आलो मी. पण हे नॉर्बला सांगणार कसं? त्याच्या घरी बसून, त्याचंच चीज खाऊन?”

नॉर्ब खाली वाकला आणि पहिला खांब उचलू लागला. गॅरेजकडे न्यायला. ठरलं होतं तसं.

“थांब,” आर्लिस म्हणाली. “आधी जोड. मी नटूनथटून ऐकायला बसले होते. मला ऐकव तरी.”

नॉर्बने गाठी सोडल्या. चार टोकं चार जागी खोचली. दाढीवाला आणि त्याचा जोडीदार पेट्या टेकवून बघत उभे राहिले. रसल रिमोटशी बसला. होडी निघाली, वल्हं चुबकलं, आणि पाऊस आला. समोरून आला, बाजूंनी आला, आणि मागून, अगदी कानशिलाशी, टपटप सुरू होऊन धो धो कोसळला.

नॉर्ब ताडकन वळला. त्याने एकदा छताकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे, आणि तो थेट पलीकडच्या खोलीत पाण्याचा मुख्य नळ बंद करायला धावला.

आर्लिस मशीनच्या पेटीवर बसली. हसून हसून तिला उभं राहवेना. रसल हसावं की नाही या विचारात पडला, मग दाढीवालाच हसला म्हणून तोही हसला. पडद्यावर तो माणूस भिजत होता, आणि खोलीतल्या चौघांनी खांदे आखडून घेतले होते.

“नॉर्ब,” आर्लिसने डोळे पुसत हाक मारली, “ते खांब काढ. पण स्पीकर गॅरेजमध्ये नको नेऊस. मशीनच्या वर भिंतीला ठोक.”

पलीकडच्या खोलीतून नळ परत उघडल्याचा आवाज आला.

“दोन्ही?” नॉर्बने विचारलं.

“दोन्ही,” ती म्हणाली. “आणि या वेळी तारांसकट.”